खड्डा क्रमांक तीन

देवपुरात, गॅरेजांच्या ओळीसमोर,
महापालिकेनं मुद्दाम केलेला
हा शहरातला एकमेव खड्डा.
बाकीचे आपोआप झालेत.

कागदावर त्याचं नाव लांबलचक.
गॅरेजवाले म्हणतात, भदाणेसाहेबांचं तळं.
तो भदाणे मीच, कनिष्ठ अभियंता,
तळं नाही हो, सांगून सांगून थकलेला.
तळं पाणी धरून ठेवतं.
हा सोडतो. फक्त लगेच नाही.

काळी माती अडीच हात उपसून काढली.
ती पाणी प्यायली की फुगते
आणि दार लावून बसते, रुसलेल्या जावयासारखी.
तिच्या जागी वाळू,
पावतीसकट आणलेली (पांझरेकाठी हे सांगावं लागतं),
थोडं शेणखत, खाली खडी,
खडीत भोकं पाडलेला पाइप.
वर वाळा, लव्हाळा, कर्दळ.
फुटपाथची कड एका जागी फोडली:
ये बाबा, इकडून ये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आलं,
रस्ताभर लोळून,
अंगावर डिझेलचा मोरपंखी तवंग,
ब्रेकची काळी भुकटी, गुटख्याच्या पुड्या,
बैलांच्या शिंगांवरून उतरलेला हिंगूळ.

घोटाभर साचलं. नगरसेवकांचा फोन:
डास होतील, बुजवा.
डासाला आठवडा लागतो साहेब,
मला एक दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी पाणी तिथंच.
तिसऱ्याही.
मी आराखडा उघडून बसलो
चुकलेला आकडा शोधत.

झाडणाऱ्या झुंबराबाई चपला काढून उतरल्या.
खुरप्यानं तळ खरवडला.
खपली निघाली, ताटलीएवढी,
अख्ख्या रस्त्याची धूळ बसून बसून झालेली.
"साय शे ही, भाऊ. दुधवर येस ना, तशी.
काढनी पडस."

पाण्यानं एक बुडबुडा सोडला. मग चार.

संध्याकाळी पाइपाच्या तोंडाशी
बाटली धरून बसलो.
बाटलीपलीकडे माझा तळवा दिसत होता,
रेषांसकट.
पिऊ नका, गॅरेजच्या पोरांना ओरडून सांगितलं,
एवढं काही ते झालेलं नाही.
पण पांझरेला तोंड दाखवता येईल इतकं, हो.

झुंबराबाईंनी खपल्या टोपलीत भरल्या.
"आनि हाई कोठे टाकू?"

डिझेल, जस्त, हिंगूळ,
पाण्यानं जे जे सोडलं ते सगळं
आता त्यांच्या कमरेवर.
आराखड्यात याला जागा नाही.
म्हटलं, थांबा जरा.

थांबल्यात.
वरून पुन्हा भरून आलंय.