दुसरी चाळण

गिलाव्याची वाळू दोनदा चाळावी लागते.
पहिल्या चाळणीत राहतात गोटे,
दुसऱ्या चाळणीत राहते नदी.

परभणीत, वसमत रोडला, तिसऱ्या मजल्यावर
मी ती रोज बघतो:
शिंपल्यांच्या कपच्या, गोगलगायींची रिकामी घरं,
खेकड्याची एक नांगी,
आणि परवा, जाळ्याला लावायची शिशाची गोळी.
ती मी खिशात टाकली.
आमच्या घरी अशा गोळ्या डब्यात असायच्या,
मोजून.

हायवावाल्याला विचारलं, घाट कुठला?
म्हणाला, मिस्त्री, पावती बघू नका,
पावती दुसऱ्याच घाटाची असते.
मग चहा पिता पिता गावाचं नाव सांगितलं.
माझंच होतं.

संक्रांत झाली की दुधनेचं पात्र
भोयांची पंचवीस घरं वाटून घ्यायची,
काठीनं रेघ ओढून.
सातबारा नाही, तलाठी नाही.
हातभर खोल चर, तळाला शेणखत,
त्यात टरबुजाचं बी.
चैतात वाळू तळपाय भाजायची
आणि तिच्यातच वाढलेलं फळ गालाला गार लागायचं.
माझी आई, धुरपता, टिचकी मारून कान लावायची.
‘आजून कच्चंय. निजू दे.’

तहान लागली की आम्ही हातानं उकरायचो
कोपरभर,
आणि गप्प बसायचो.
आधी गढूळ यायचं, मग थांबायचं,
मग निवळशंख.
झिरा म्हणतात त्याला.
साईटवरच्या पोरांना सांगतो तर त्यांना जादू वाटते.
जादू नव्हती.
वाळू होती, एवढंच.

आता रात्री तिथं पोकलेन उतरतो.
खाली काळी चिकण माती लागली
की चार हात पुढं सरकतो.
काठावरच्या विहिरींत मोटारी हवा ओढतात.
मागल्या साली केरबाकाकाची म्हैस त्या डोहात गेली,
त्याच्या आदल्या साली आठवीतला रेहान.
पोहता येत होतं त्याला.
नदी येत होती,
खड्डा येत नव्हता.

मी कुणाला नावं ठेवत नाही.
हायवाचा ड्रायव्हर माझा मावसभाऊ निघाला.
गावातली पोरं फाट्यावर बसतात,
तहसीलची जीप दिसली की फोन करतात,
रात्रीचे पाचशे.
आणि वाळू मागतो कोण?
मी. दर सकाळी.
‘बारीक पाठवा, मागची जाड होती.’

फाल्गुनात समोरच्या ढिगावर टिटवी बसली.
चार अंडी, वाळूच्याच रंगाची,
पाटी भरताना कौसाचा हात अडला म्हणून दिसली.
कौसा म्हणाली, टिटवी उंचावर बसली,
औंदा पाऊस बक्कळ.
ढीग सहा फूट होता.
मी मनात म्हटलं, येईल बाई पाऊस,
पण थांबेल कशात?
आणि ही पाखरू जात चाळीस किलोमीटर आली कशी,
वाळूचा माग काढत?
की तिला वाळू तेवढी कळते,
नदी कुठं आहे ते कळत नाही?

ढिगाभोवती आम्ही विटा रचल्या.
मालक चांगला माणूस आहे.
त्याच्या मुलीनं फोटो काढले,
त्यानं सांगितलं, महिनाभर ढिगाला हात लावू नका.
आणि काम थांबू नये म्हणून
दुसरी हायवा मागवली.
तीही तिकडूनच आली.

पिल्लं निघाली. गेली कुठं कळलं नाही.

चैतात आई आली दवाखान्यासाठी,
म्हणाली, तुझं काम तर दाव.
जिना चढून दम लागला तिला.
ओल्या भिंतीसमोर उभी राहिली,
हात फिरवला,
मग एक बोट वाकवून टिचकी मारली
आणि कान लावला.
बराच वेळ.
मी खिशातली गोळी चाचपत होतो.

‘पाणी मार आजून,’ ती म्हणाली.
‘वाळू तान्हेलीय.’