एक जानेवारी, दोन हजार नऊ

पहाटे तीन दहाला हानुसचा फोन:
"तुझं यंत्र उठत नाहीये."
चालू असतं तेव्हा ते लिलावघराचं,
बंद पडलं की माझं.

क्लाक्सविकच्या धक्क्यावर वारा आडवा.
रात्रीत दोनदा वीज गेली, दोनदा आली.
बर्फाचं मशीन उठलं, क्रेन उठली,
कॉफीचं भांडंसुद्धा गुरगुरत उठलं.
सर्व्हर तेवढा ढिम्म.
पाचला तीन बोटी लागणार,
कॉडचे, हॅडॉकचे खोके उतरणार
आणि कुणाचं किती, ते लिहून घ्यायला कुणी नाही.

पंखे फिरतायत, म्हणजे धुगधुगी आहे.
हिरवा दिवा. शेजारी पिवळा, न लुकलुकणारा.
काळ्या पडद्यावर एकच ओळ:
सुरू होण्यासाठी डिस्क सापडली नाही.
मग ते नेटवर्कवर हाका मारत बसतं,
कुणी आहे का, कुणी आहे का,
आणि उत्तर न आल्यावर पुन्हा पहिल्यापासून, पंख्यांपासून.

आधी केबल.
रान्वाने शिकवलं होतं मला:
ज्याची लाज वाटेल ते कारण आधी तपासावं.
केबल घट्ट आहे.
मेमरीच्या पट्ट्या काढते, पुसते,
एकेक परत बसवते, टक्, टक्.
चारही डिस्कना कान लावते.
चारही गुणगुणतात आपापलं.
मग घोडं पेंड खातंय कुठे?

हानुस दारात, दोन कप घेऊन.
तो कधी विचारत नाही, किती वेळ लागेल.
एवढंच म्हणतो,
"मासळी आम्ही डोळ्यांवरून ओळखतो. शेपटीवरून नाही."

सेटिंगचं निळं पान उघडते,
वरच्या कोपऱ्यात घड्याळ:
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
मध्यरात्र उलटून चार मिनिटं.

मेलेलं नाही. विसरलंय.
आतला नाण्याएवढा सेल
केव्हाच संपला असणार, आवाज न करता.
वीज होती तोवर यंत्र उसनं आठवत राहिलं.
वीज गेली आणि हेही गेलं
की चार डिस्क मिळून आपलं एक घर आहे.
आता समोर चार परकी दारं,
एकावरही पाटी नाही.

हानुस पडद्याकडे बघतो.
"दोन हजार नऊ.
तेव्हा माझी स्वतःची बोट होती.
आणि दहाही बोटं."
उजवा हात खिशात घालतो, विंचने उरवला तेवढा.

यावर काय बोलायचं ते मला सुचत नाही.
म्हणते, असला सेल हवा. दुकान आठला उघडतं.

खिशातून हात येतो तो गाडीची किल्ली घेऊन.
मासे कापायच्या सुरीने तो तिचं पोट उघडतो,
सेल माझ्या तळहातावर ठेवतो.
खवल्याएवढा चकचकीत.

वर्ष पुढे न्यायला एकेक करून बटण दाबावं लागतं.
सोळा वेळा.
हानुस मोजत होता, नुसत्या ओठांनी.
मध्ये एका वर्षापाशी ओठ थांबले.
मी बोट उचललं, थांबले मीही.
मग त्याने मान हलवली. पुढचं वर्ष.

महिना. दिवस. तास.
डिस्कची जोडणी, जशी होती तशी.
जतन करा: हो.

पंखे. काळोख. लांबलचक काळोख.
कॉफीवर साय धरली.
मग एक ओळ, तिच्यामागून दुसरी,
मग ओळींची झुंबड,
आणि रान्वाने कधीकाळी टाकलेलं
ते भिकार पिवळं स्वागताचं चित्र.

पाच वाजून चार मिनिटं.
पहिली नोंद: कॉड, एकतीस किलो. आजची तारीख.

हानुस घरी निघाला.
धातूच्या किल्लीने त्याने गाडीचं दार उघडलं
आणि गाडीने मालकाला ओळखलं नाही.
भोंगा असा सुटला
की बंदरातले सगळे सीगल उठले,
बोटींवरची माणसं वळून बघू लागली,
आणि तो तिथेच उभा,
चोरासारखा, हसत.