लोण्याची सुरी

सकाळची मुलं शाळेत उतरवली
की दुपारी अडीचपर्यंत बस उभी, आणि मीही.
पाच तास.
नोव्हेंबरातल्या सारेमा बेटावर
पाच तासांचं काय करायचं, हे कुणी शिकवत नाही.
आधी झोपून पाहिलं. मग शब्दकोडी.
शेवटी लेइदा म्हणाली,
एंडेल, तुझं नुसतं बसणं
मला भिंतीपलीकडूनही ऐकू येतं.

शेजारच्या हिल्याबाईंनी कुरण साफ करून
जुनिपरची खोडं कुंपणापाशी टाकली होती, जाळायला.
मनगटाएवढं एक उचललं, करवत लावली,
आणि वास!
मिरी, गार धूर, पावसात भिजून वाळलेला कोट.
भिंग घेऊन वर्तुळं मोजली:
एकशे चार.
एवढ्या वर्षांत एवढंसंच जाड.

पहिली सुरी वल्ह्यासारखी झाली.
दुसरी पात्यात चिरली.
तिसरीच्या वेळी चिरलं माझं बोट.
रेषेच्या उलट गेलं की लाकूड
फार काही बोलत नाही, नुसतं उचकटतं.
चौथीनं लोणी पसरलं,
राईच्या काळ्या पावावर, थेट कडेपर्यंत.
लेइदानं चव घेतली, काही म्हणाली नाही,
पावाची आणखी एक चकती कापली.

सॉनाच्या पडवीत मग माझं दुकान:
एक वाकडं बाक, आजोबांची पटाशी,
जवसाच्या तेलाची बाटली, कानातसुद्धा भुसा.
जूनपर्यंत चाळीस सुऱ्या.
आपल्याच घरात माणूस किती लोणी खाणार?

कुरेसारच्या बाजारात टेबल मांडलं.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
पण चिठ्ठीवर काहीतरी लिहावंच लागतं.
सात लिहिलं. खोडलं. सहा.
शेजारी मध विकणारा उर्मास हसला:
नऊ लिही बाबा,
सहाच्या वस्तूवर लोकांचा विश्वास बसत नाही.

अकरा जणांनी उचलून हुंगली,
डोळे मिटले,
आणि जागच्या जागी परत ठेवली.
वासाचे पैसे कसे मागायचे?
तीन खपल्या. सत्तावीस युरो.
त्यातून टेबलाचं भाडं दहा, पेट्रोल चार.
तासांचा हिशेब मी बसमध्ये बसून केला
आणि कागद सीटखाली सरकवला.
आतबट्ट्याचा धंदा.
तरी परतताना शीळ घालत होतो,
हे लेइदानं सांगितलं, मला ठाऊक नव्हतं.

मग किनाऱ्यावरच्या हॉटेलाची मागणी आली.
साठ. सगळ्या एका लांबीच्या, एका रंगाच्या,
गाठ नको.
पुठ्ठ्याचा साचा कापला, पेन्सिलीनं साठ वेळा गिरवला.
विसाव्या सुरीला वास येईनासा झाला.
लाकूड तेच होतं.
हॉटेलनं वेळेवर पैसे दिले,
त्यातून मागच्या दाढेवर टोपी बसली.
दंतवैद्य म्हणाली, आता निर्धास्त चावा.
चावतो.

पुन्हा साठ हव्यात म्हणून फोन आला.
म्हटलं, वीस देईन, शरद संपता संपता,
आणि त्यांना गाठी असतील.
पलीकडे बराच वेळ शांतता.
विचारून सांगतो, म्हणाला तो पोरगा.
अजून विचारतोच आहे.

काल शेवटच्या थांब्यावर
छोटा माडिस एकटाच उरला होता.
पायरीवर थबकला, म्हणाला,
काका, तुमच्या बसला कसला वास येतो?
मी तळवे नाकाशी धरले.
स्टिअरिंग, डिझेल, बाकी काही नाही.
कसला रे? विचारलं.
त्यानं बराच विचार केला.
दार उघडं, थंडी आत येतेय,
घरातून त्याची आई हाक मारतेय,
आणि तो उभाच,
नाक वर करून.