वीस फुटांची तार

आमच्या घराला कंपाउंड नाही.
सेलूहून पाथरीकडं निघालं की
डाव्या हाताला मोटार रिवायंडिंगचं पत्र्याचं शेड,
शेडमागं दोन खोल्या,
आणि दारापासून डांबरापर्यंत मोजून अकरा पावलं.
अकरा पावलांत एक लिंब, एक मेलेला हातपंप,
बाकी सगळं उघडं.

आधीचा कुत्रा बाराव्या पावलावर गेला.
माघातली रात्र, उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागं एक,
ड्रायव्हरचं गाणं एवढं मोठं
की त्याला कळलंही नसेल.
त्या कुत्र्याचं नाव आम्ही घरात घेत नाही.

म्हणून शिवकन्यानं हे पिल्लू आणलं तेव्हा
मी आधी रस्त्याकडं बघितलं, मग पिल्लाकडं.
पांढरं, तांबडं, काळं, परत पांढरं,
ठिगळाला ठिगळ.
पोरगी म्हणली, "हिचं नाव गोधडी."
मी म्हणलो, "भिंतीला किती विटा लागतात, ठाव हाय का?"
ती म्हणली, "तुमच्याकडं तार हाय की."

तार होती.
तांब्याची नव्हे, तांबं कुत्र्याच्या झटक्याला पुरत नाही;
विजेच्या खांबाला ताण देतात तसली, पीळदार,
भंगारात पडलेली.
लिंबापासून शेडच्या अँगलपर्यंत वीस फूट ओढली,
माझ्या डोक्यावर वीतभर उंच.
सालीत रुतू नये म्हणून मधे टायरचा तुकडा.
तारेत कडी ओवली, कडीला दोरी,
दोरीला भोवरकडी,
नाहीतर पिळावर पीळ चढून दोरी आखडत जाते.
पिळाचं मला कुणी सांगायला नको,
तीस वर्षं तेच करतोय.

लिंबाच्या तीन फूट अलीकडं क्लॅम्प आवळला,
खोडाला वेटोळे घालून तिनं स्वतःलाच फास लावू नये.
मग दोरीचं टोक धरून मीच चाललो रस्त्याकडं.
मुंजा पाना हातात घेऊन हसत होता,
"मालक, तुम्हाला बी पट्टा लावू का?"
सातव्या पावलावर दोरी संपली.
चार शिल्लक.
त्या रात्री मला झोप लागली ती त्या चारांवर.

बाकीचं हळूहळू कळत गेलं.
पट्ट्यात दोन बोटं शिरली पाहिजेत, तीन नकोत.
चैतात लिंबाची सावली दहालाच सरकते,
शेडची यायला चार वाजतात;
मधल्या वेळात तिला आत घ्यायचं,
पत्र्याखाली नाही, खोलीत,
माठाजवळच्या ओल्या फरशीवर.
आणि घरी कुणी नसलं तर तारेला बांधायचंच नाही.
मोकाट तिघं-चौघं आली
तर बांधलेल्याला पळता येत नाही.
हे ऐकलेलं नाही, बघितलंय.

पलीकडून नसीमभाभी म्हणाल्या,
"भाऊ, मुकं जनावर बांधून ठेवता, बरं दिसतं का?"
मी काही बोललो नाही.
संध्याकाळी दोरी हातात घेऊन तिला नेलं
कालव्याच्या कडेनं, मैलभर, तिच्या नाकाच्या मर्जीनं.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागले, तरी.
महिन्याभरानं भाभींकडून भाकर आली,
गोधडीची वेगळी,
माझ्यापेक्षा मोठी.

औंदा शिवकन्या नांदेडला गेली, नर्सिंगला.
पहिल्या रविवारी फोन.
जेवलात का, विचारलं नाही.
मोटारी किती आल्या, विचारलं नाही.
"अण्णा, फोन तारेजवळ धरा."
धरला.
गोधडी दारातून उठली, अंग झाडलं.
रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणं लावून चालला होता,
त्याच्याबरोबर ती लिंबापर्यंत धावली.
सर्रर्र…
खट्.
कडी क्लॅम्पला लागली.

तिकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही.
मग पोरगी म्हणली,
"हां. ठेवा आता."