दहा वाव खाली

निवतीच्या खडकात जाळं अडकलं
ते सोडवायला शाणू गाबीत दहा वाव खाली उतरला.
कालवाच्या शिंपीने तळवा चिरला
आणि बोटांमधून निघालं ते
शेवाळी, काळपट,
जणू दुसऱ्याच कुणाचं.

वर येताना तो हात बघत राहिला:
पाच वावांवर तपकिरी,
दोनावर चिऱ्यासारखं,
होडीच्या काठाशी मात्र लालभडक.
ओळखीचं.

"लाल रंगाक दम नाय गो," रात्री म्हणाला,
"पाणी तेका आधी गिळता.
निळो तेवढो तळाक पोचता."

शेवंती जखमेत हळद दाबत होती.
"मगे बाबा, आंगात तर सगळो काळोख.
थंय रगताचो रंग खयचो?"

शाणूने मूठ मिटली.
दिवा होता तरी
बराच वेळ उघडली नाही.