धार, स्त्रीलिंगी नाम

रात्री अकरापर्यंत बसून केली होती स्लाइड.
एक धबधबा, कुठल्या देशातला कोण जाणे,
खाली ठळक अक्षरांत: धार.
अक्षरं डावीकडून घरंगळत यायची
आणि मागं पाण्याचा आवाज, तपकीर गल्लीतून
घासाघीस करून आणलेल्या स्पीकरवर.

सहावी ब. मंगळवार पेठ.
खिडकीला माझीच जुनी चादर,
प्रोजेक्टरखाली टेकू म्हणून दोन भूगोल.
आवाज सुरू झाला
आणि तिघांनी एकदम करंगळी वर केली.

हसणं ओसरल्यावर तौफिक शिकलगार म्हणाला,
मॅडम, ही धार नाहीये.
धार दिसत नसते.
अंगठ्यानं बघायची, आडव्या. उभा फिरवला की गेला.
आणि हवेतच त्यानं एक सुरी तपासून दाखवली.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन घेऊन आला.
चौदा सेकंद. जुन्या बाजारातला कोपरा,
सायकलचं पायडल, दगडावर पातं,
कानात घुसणारी ती किरकिर,
मधेच बसचा हॉर्न,
आणि एक माणूस ओरडतो: सरक रे, ठिणगी उडंल.
पहिल्या बाकावरची दोघं खरंच सरकली.

मग पल्लवी नागरगोजेला राहवेना.
आमची मामी काढती धार, पाटोद्याला.
तिच्याकडं व्हिडिओ होता, पहाटेचा, पूर्ण काळा.
बघू नका, म्हणाली, ऐका.
रिकाम्या चरवीत आधी उंच, पत्र्यावर खडे पडावेत तशी,
मग भांडं भरेल तसतशी जाड, बुडती, फेसाळ.
तरीही त्या काळ्या पडद्याकडं
एकेचाळीस मुलं टक लावून बघत होती.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, तासाला दहा शब्द.
तक्त्यात मी लिहिलं: एक.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
तेवढ्यात प्रोजेक्टर तापून बंद पडला.

बिमल खड्का, शेवटचा बाक.
बाप सोसायटीचा वॉचमन. जूनपासून हा
हजेरीपुरता बोललेला.
अंधारात आवाज आला, कुणाचा ते आधी कळलंच नाही:
आमच्यात नळाला धारा बोलतात.
डोंगरातून येतो. दगडाचं तोंड असतं त्याला.
अख्ख्या नळाला? तौफिकनं विचारलं.
अख्ख्या.
मग सुरीच्या धारेला?
धार, बिमल म्हणाला. तेच.
तौफिकनं वळून बघितलं त्याच्याकडं,
परगावी आपल्या गल्लीतलं कुणी भेटावं तसं.

सोमवारी स्लाइड नव्यानं केली.
धबधबा ठेवला, पण शेवटी, आणि लहान.
बिमलनं पार्किंगमधल्या नळाचं रेकॉर्डिंग आणलं होतं,
बादली भरून वाहीपर्यंतचं.
ते लावलं
आणि पुन्हा वर गेल्या करंगळ्या.
या वेळी चार.
चौथी बिमलची.