कंसाचे खिळे

खणभागातल्या बोळात छापखाना होता,
तिथं मी जुळारी.
उलटं वाचायची सवय इतकी, की अजूनही
आरशातलं कॅलेंडर मला सरळ दिसतं.

गिरणीच्या संपाचा सहावा आठवडा.
कचेरीतला कारकून आला, कागद ठेवला:
'लाल बावट्यामागे कोण?'
पाचशे प्रती, पिवळा कागद, उद्या सकाळी.

मजकूर असा, की रशियातली क्रांती रशियनांची नव्हेच,
सगळे पुढारी ज्यु, नावं बदलून बसलेले.
खाली यादी. प्रत्येक नावापुढं कंस,
कंसात 'खरे नाव'.
अकराव्या नावाला कंसाचे खिळे संपले.
मग मी शून्यं कापली.
शून्य मधोमध कापलं की दोन्ही कंस मिळतात.

प्रुफं बघायला हसाजी वाक्रुळकर यायचे,
मिरजेहून सायकलीवर, मालधक्क्यातून निवृत्त झालेले.
शनिवारी येत नसत. एवढंच आम्हाला ठाऊक.
पूर्वज कोकणात घाणा चालवायचे,
शनिवारी बैल सोडून बसायचे, म्हणून शनवार तेली,
हे त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

पत्रक त्यांनी दोनदा वाचलं.
तांबडी शाई. 'ज्यु' सतरा वेळा होता.
सतरा वेळा त्यांनी उकार दीर्घ केला.
"शेवटचा उकार दीर्घ, तातोबा.
शिवी द्यायची तर निदान शुद्ध द्यावी."

मग चष्मा काढून म्हणाले,
"मलाही कंसातलं नाव आहे. यहेज्केल.
आई हसा म्हणायची. खरं कुठलं?"

मला माझी आई आठवली.
माहेरची चंपू,
तांदळात अंगठीनं गिरवून सरस्वती झालेली.
आणि कुंडलकडचा मामा:
बेचाळीसनंतर तीन नावांनी भाकरी मागून खाल्ली त्यानं,
कट म्हणून नव्हे,
फौजदार मागं होता म्हणून.

"तिकडंही फौजदार होतेच," हसाजी म्हणाले.
"एकानं पोलादावरून नाव घेतलं, एकानं हातोड्यावरून.
ते ज्यू नव्हते. बघ, त्यांना कंस नाही."

मग ज्यू नव्हतेच का, मी विचारलं.
"होते की. का नसावेत?
ज्यांना झारनं ठरावीक मुलखाबाहेर राहू दिलं नाही
त्यांची काही पोरं बंडात जाणारच.
पण पहिल्या सरकारात पंधरा जण, त्यांत ज्यू एक.
बाकी लाखो ज्यू शिवणयंत्रावर होते, प्रार्थनेत होते,
भलत्याच पक्षांना मतं देत होते.
आणि जे सामील झाले, त्यांतल्या कित्येकांना
पुढं त्याच राजवटीनं गोळ्या घातल्या.
हा कसला बाबा कट,
ज्यात कट करणाऱ्याचाच मुडदा पडतो?"

समासात त्यांनी बारीक लिहिलं:
१५ पैकी १. मोजून पाहावे.

मालकांनी समासाची कड कात्रीनं उडवली.
सकाळी पाचशे प्रती गेल्या.
त्यात एकही शब्द अशुद्ध नव्हता.

गेटवर कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं.
युनियनचा भाऊसो आवटी म्हणाला,
"माझं खरं नाव सापडलं तर मलाही कळवा,
सातबाऱ्यावर हेच आहे."
लोक हसले.
चार-पाच जण हसले नाहीत,
त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

हसाजींनी प्रुफाचे बारा आणे घेतले,
वहीत सही केली, नेहमीची, मराठीत.

शनिवारी मी खिळे सोडवत बसलो.
ज परत ज-च्या घरात, ऊकार ऊकाराच्या.
सोमवारी त्यातूनच 'ज्येष्ठ शुद्ध द्वितीया' जुळवली,
कुणाच्या तरी लग्नाची.
कापलेली शून्यं तेवढी कुठल्या घरात टाकावी कळेना.
बरेच दिवस ती खिडकीत होती.